तेलाचा डबा, वडापाव आणि वहीतला ‘वरकड’ रकाना : वाढत्या भावांत घर कसे चालवता?

धागाकर्ती, पुणे

नमस्कार मंडळी,

दिवाळीचा फराळ संपला, पाहुणे गेले आणि काल रात्री मी ऑक्टोबरचा हिशेब लिहायला बसले. आमच्या घरात खर्चाची वही लिहिण्याची पद्धत सासूबाईंनी पाडली. त्यांच्या वहीत पाच रकाने असत: किराणा, दूध, भाजी, दळण आणि वरकड. पहिल्या चारांत काय येते ते सांगायला नको. ‘वरकड’मध्ये मात्र रिक्षाभाड्यापासून गणपतीच्या वर्गणीपर्यंत काहीही येई आणि वर्षातून चार-सहा वेळा हॉटेलात खाल्लेला मसाला डोसाही तिथेच जाई. त्या गेल्यावर वही माझ्याकडे आली. रकाने मी तेच ठेवले. फक्त ‘वरकड’च्या पोटात एक उभी रेघ मारून बाहेरचे खाणे वेगळे लिहू लागले.

त्या रेघेपलीकडची जागा आता पुरत नाही. २०१९च्या ऑक्टोबरात आम्हा चौघांचे बाहेरचे खाणे १,६४० रुपयांचे झाले होते. यंदाच्या, म्हणजे २०२५च्या ऑक्टोबरात ते ४,३६० रुपयांचे झाले. दुधाचा रकानाही मागे पडला आणि भाजीचाही. वही उलटसुलट चाळून पाहिली, तर बाहेर खाण्याच्या खेपा साधारण दीडपट झाल्या आहेत. बाकीची सगळी वाढ भावाची आहे. कोपऱ्यावरचा वडापाव १२ रुपयांचा २० झाला आणि मसाला डोसा ६० रुपयांचा ११०.

ही रडकथा एकट्या आमच्या घराची नाही. केंद्र सरकारच्या २०२३-२४च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार शहरातले कुटुंब दर शंभर रुपयांतले जवळजवळ ४० रुपये अन्नावर खर्च करते आणि त्यांतले सुमारे ११ रुपये पेये, अल्पोपाहार व तयार खाद्यपदार्थ यांवर जातात. धान्य, दूध, भाजी यांपैकी कोणतेही एक खाते एवढे मोठे नाही. सासूबाईंचा ‘वरकड’ रकाना अवघ्या शहरी भारतात पहिल्या नंबरावर आला आहे, असे म्हणायला हरकत नाही.

वही चाळताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली आणि हा धागा काढण्याचे खरे कारण तेच आहे. कच्च्या मालाचा भाव चढतो आणि उतरतोही. शिजवलेल्या अन्नाचा भाव फक्त चढतो. २०२३ सालचा टोमॅटो आठवा. त्या मे महिन्यात शेतकरी टोमॅटो रस्त्यावर ओतून देत होते आणि जुलैत तोच टोमॅटो शंभरीच्या पुष्कळ पुढे गेला. बर्गर विकणाऱ्या मोठ्या साखळीने उत्तर भारतातल्या आपल्या दुकानांत टोमॅटो देणेच काही काळ थांबवले होते. सप्टेंबरापर्यंत माझ्या वहीत टोमॅटो पुन्हा २० रुपये किलोवर आलेला दिसतो. आमच्या नेहमीच्या हॉटेलाने मात्र त्या जुलैत ‘टोमॅटो महागल्यामुळे’ अशी चिठ्ठी काउंटरवर चिकटवून पावभाजी २० रुपयांनी वाढवली होती. चिठ्ठी काही दिवसांनी निघाली. वीस रुपये राहिले.

किराण्यात मला सर्वांत जास्त त्रास तेलाने दिला. १४ सप्टेंबर २०२४ पासून केंद्राने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचे मूळ आयातशुल्क शून्यावरून २० टक्के केले आणि शुद्ध तेलावरचे साडेबारावरून साडेबत्तीस. आपल्या देशाला लागणारे निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येते, त्यामुळे पुढचे सांगायला ज्योतिषी नको होता. ऑगस्टात ११२ रुपयांना घेतलेली सोयाबीन तेलाची पिशवी त्या दिवाळीत मी १४५ रुपयांना घेतली. ३० मे २०२५ रोजी कच्च्या तेलावरचे शुल्क निम्मे केले, तरी माझ्या वाण्याच्या दुकानात भाव त्या मानाने उतरलेला मी पाहिला नाही. त्यातच यंदा चकलीच्या भाजणीच्या दिवशी तेल संपल्याने घाईघाईने आणलेली पिशवी कढईत ओतताना कमी वाटली, म्हणून उलटून पाहिली, तर तिच्यावर ७५० ग्रॅम असे बारीक अक्षरांत छापलेले होते. आकार, रंग, सूर्यफुलाचे चित्र, सगळे लिटरच्या पिशवीसारखेच होते. दोष माझाच, मी वाचले नाही. पण राग आला तो आलाच.

तर विचारायचे असे की, आपापल्या घरी आपण नेमके काय बदलले? ‘बाहेरचे बंद करा, घरीच करा’ हा सल्ला मला माहीत आहे आणि तो चुकीचाही नाही. परंतु संध्याकाळी सात वाजता कार्यालयातून आल्यावर घरी करायचे म्हणजे कोणी करायचे, याचे उत्तर त्या सल्ल्यात नसते. ते उत्तरही कोणी देणार असेल तर अधिक आवडेल.

डोंबिवलीकर

ताई, तेलाच्या पिशवीत आपण एकट्याच फसलेल्या नाही. पूर्वी ठरावीक वस्तू ठरावीक वजनांच्या पाकिटांतच विकाव्यात असा नियम होता. तो काढून टाकल्यापासून ७५०, ८००, ८५० अशी वजने दिसू लागली. त्याच्या बदल्यात पाकिटावर एका ग्रॅमचा किंवा मिलिलिटरचा आणि मोठ्या पाकिटावर एका किलोचा किंवा लिटरचा भाव छापणे बंधनकारक झाले आहे. कमाल किमतीच्या आसपास तो मुंगीएवढ्या अक्षरांत असतो. मी गेले वर्षभर फक्त तोच आकडा पाहतो. पाच किलोचे पाकीट एक किलोच्या पाकिटापेक्षा स्वस्तच असणार, ही माझी समजूत त्याने तीन वेळा खोटी पाडली.

तेलाबाबत आणखी एक सांगतो, कारण यात शिकलेली माणसेही चुकतात. तेल पाण्यापेक्षा हलके असते आणि एक लिटर तेलाचे वजन साधारण ९१० ग्रॅम भरते. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात सुमारे १३ किलो ६५० ग्रॅम तेल असते आणि १५ किलोच्या डब्यात साडेसोळा लिटरला किंचित कमी. दोन्ही डबे दुकानात शेजारी-शेजारी उभे असतात, दोन्हींवर १५ हा आकडा ठळक असतो. १५ लिटरचा डबा शंभर रुपयांनी स्वस्त मिळाला म्हणून खूश होऊन घरी येणारा माणूस सव्वा किलोहून अधिक तेल दुकानातच ठेवून आलेला असतो. आमच्या मजल्यावरची तीन घरे मिळून आता १५ किलोचा डबा आणतो आणि वजनकाट्यावर वाटून घेतो. पहिल्यांदा थोडे अवघडल्यासारखे झाले होते.

कराचेही पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटांवरचा वस्तू व सेवा कर १८चा ५ टक्के झाला. फरसाण, तूप, लोणी यांवरचा १२चा ५ झाला आणि पाकीटबंद पनीरवरचा तर शून्य झाला. जुन्या छापील किमतीची पाकिटे दुकानात काही काळ राहतात, म्हणून बिल हातात घेऊन बघावे. पाच आणि दहा रुपयांच्या पुड्यांची किंमत तीच राहून आतले वजन वाढल्याचेही पुष्कळ ठिकाणी दिसेल. ही कपात हॉटेलच्या बिलापर्यंत पोहोचत नाही, कारण तिथला ५ टक्के कर आधीपासून तेवढाच आहे. उलट मोबाइलवरून मागवलेले जेवण घरी पोहोचवण्याच्या शुल्कावर त्याच तारखेपासून १८ टक्के कर लागू झाला.

भांडुपचा गाडीवाला

मी अकरा वर्षे वडापावची गाडी लावतो. धागाकर्ती ताईंचे ‘शिजवलेल्या अन्नाचा भाव फक्त चढतो’ हे वाक्य वाचून थोडे लागले, पण ते खरे आहे, म्हणून का चढतो ते लिहितो.

माझा वडापाव १८ रुपयांना आहे. बेकरीवाला सहा पावांची लादी २१ रुपयांना देतो, म्हणजे साडेतीन रुपये पावाचेच झाले. बटाटा पावणेदोन रुपयांचा, बेसन दीड रुपयाचे, वडा जे तेल पितो ते दीड रुपयाचे, चटण्या आणि तळलेली मिरची मिळून सव्वा रुपया, गॅस सुमारे एक रुपया, शिवाय कागद. म्हणजे हातात देईपर्यंत अकरा रुपये गेले. उरलेल्या सातांत जागेचे भाडे, पोऱ्याचा पगार, पावसाळ्यातले रिकामे दिवस आणि आमचे घर. पहाटे चारला उठून माझी बायको वीस किलो बटाटे उकडून सोलते, त्याचा पैसा या हिशेबात कुठेच धरलेला नाही. ताईंनी विचारले आहे ना, ‘कोणी करायचे’, तोच प्रश्न गाडीच्या मागच्या बाजूलाही आहे.

आता बटाटा महिनाभर स्वस्त झाला तर वड्यामागे पन्नास पैसे सुटतात. पन्नास पैशांनी भाव कसा उतरवायचा? भाव वाढवताना आम्ही वर्ष-दीड वर्ष कळ काढतो आणि मग एकदम दोन-तीन रुपये वाढवतो, कारण दर महिन्याला पाटी बदलली तर गिऱ्हाईक बिथरते. निळ्या सिलिंडरचा, म्हणजे १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरचा भाव मात्र दर महिन्याच्या एक तारखेला बदलतो; एखाद्या महिन्यात खाली येतो, पुढच्यात पुन्हा वर. पावाचे वेगळेच. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बेकऱ्यांच्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅसवर किंवा विजेवर नेण्यास सांगितले. धूर कमी होणार ही चांगलीच गोष्ट आहे, परंतु तेव्हापासून आमचा बेकरीवाला दर भेटीत लादी महागण्याची वार्ता आधी सांगतो आणि पाव नंतर देतो.

भाव न वाढवता वडा लहान करणे हा एक मार्ग असतो. मी तो एकदा केला आहे. तिसऱ्या दिवशी शाळेतल्या मुलांनी तोंडावर सांगितले, म्हणून सोडून दिला.

पेठेतला विद्यार्थी

मी स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी तीन वर्षांपासून पुण्यात राहतो आहे. या चर्चेत बाहेरचे खाणे हे चैनीच्या खात्यात धरले जात आहे, म्हणून आमची बाजू मांडतो. आमच्यापैकी बहुतेकांच्या खोलीत शेगडीला परवानगी नसते. दोन वेळच्या मेसचे मी आलो तेव्हा महिन्याला २,८०० रुपये देत होतो, आता ३,६०० देतो. भाव वाढला तेव्हा पोळ्या अमर्यादच्या चार झाल्या आणि कोशिंबीर गेली. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, सणाला बंद असते आणि मेसवाल्या मावशी गावी गेल्या की चार दिवस बंद असते. त्या प्रत्येक वेळी पोहे, वडापाव किंवा अंडाभुर्जी हेच जेवण असते. वडापाव २० रुपयांचा झाला म्हणजे दोन वडापाव आणि चहा मिळून पन्नास रुपये झाले आणि तेवढ्याने पोट दोन तासही धरत नाही.

गेल्या जूनपासून आम्ही तिघांनी एक उपाय केला आहे. आठवड्याला दोन किलो भाजके शेंगदाणे-फुटाणे, एक किलो गूळ आणि दोन डझन केळी मिळून आणतो आणि संध्याकाळचे खाणे त्यावर भागवतो. यातून प्रत्येकाचे महिन्याला सातशे रुपये वाचतात, असे आमच्या हिशेबात दिसते. चव नसते असे कोणी म्हणू नये. फुटाण्यात चिरलेला कांदा आणि लिंबू घातल्यावर ते कोणत्याही भेळेच्या तोंडात मारतात. रविवारसाठी १० रुपयांची शिवभोजन थाळीही कधी कधी गाठतो. तिच्यात दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात असतो, पण केंद्राची वेळ आणि अभ्यासिकेची वेळ जुळावी लागते.

धागाकर्ती, पुणे

गाडीवाले दादा, आपला हिशेब मी नवऱ्याला वाचून दाखवला. घरचा वडा स्वस्त पडतो असे म्हणताना मीही माझी मजुरी शून्य धरत होते, हे आपल्या प्रतिसादामुळे लख्ख दिसले. भावाबद्दल जे लिहिले त्यात आपल्याला दोष देण्याचा हेतू नव्हता. आणि विद्यार्थी मित्रा, चार पोळ्यांवर राहू नकोस. फुटाण्यांसोबत उकडलेली अंडी चालत असतील तर तीही धर.

आकडेमोड

वर्तमानपत्रात महागाई उतरल्याचे वाचतो आणि वाण्याकडे ती दिसत नाही, असे इथे अनेकांच्या मनात असेल, म्हणून दोन आकडे ठेवतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये देशातली किरकोळ अन्नमहागाई १०.८७ टक्के होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती उणे ५.०२ टक्के झाली. यातला प्रत्येक आकडा त्याच्या आधीच्या वर्षाच्या त्याच महिन्याशी तुलना करून काढलेला असतो. म्हणजे २०२३च्या ऑक्टोबरात ज्या खाण्याला १०० रुपये लागत होते, त्याला २०२४ मध्ये सुमारे १११ लागले आणि २०२५ मध्ये १०५. उतार खरा आहे, परंतु आपण सुरुवातीच्या पायरीवर परत आलेलो नाही.

भाजीचे उदाहरण अधिक बोलके आहे. ती २०२४ मध्ये ४२ टक्क्यांनी वाढली आणि पुढच्या वर्षी साडेसत्तावीस टक्क्यांनी उतरली. हिशेब केला तर १००चे १४२ झाले आणि १४२चे पुन्हा १०३. जे पीक दोन-तीन महिन्यांत येते त्याचा भाव असाच वर जातो आणि खाली येतो. धागाकर्तींनी वहीवरून जे ताडले ते या आकड्यांत अगदी बरोबर बसते. ज्या महिन्यात भाजी उतरते त्या महिन्यात घरातली थाळी स्वस्त होते; हॉटेलातली होत नाही, कारण तिच्यात भाजीचा वाटा थोडा आणि भाडे, पगार, गॅस यांचा मोठा असतो. क्रिसिल ही संस्था दर महिन्याला घरगुती थाळीचा खर्च काढते. ऑक्टोबर २०२४च्या त्या महागाईतही शाकाहारी थाळी ३३ रुपये ३० पैशांत बसत होती. हॉटेलातल्या थाळीशी या आकड्याची तुलना करण्यापूर्वी एवढे लक्षात घ्यावे की त्यात जिन्नस आणि गॅस आहे, हात नाहीत. गाडीवाल्यांच्या पत्नीचा पहाटेचा वेळ जसा सुटला, तसाच इथे घरातल्या बाईचा सुटला आहे.

निफाडकर

शहरातल्या चर्चेत कांदा येणार आणि कांदेवाला येणार नाही, असे कसे चालेल?

आपल्याला कांदा महाग झाला की दिल्लीत हालचाल सुरू होते. १९ ऑगस्ट २०२३ रोजी निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले, ८ डिसेंबरला निर्यातच बंद केली, ४ मे २०२४ रोजी ती टनाला ५५० डॉलर किमान दर आणि ४० टक्के शुल्कासह उघडली, सप्टेंबरात किमान दर काढून शुल्क २० टक्क्यांवर आणले आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही काढले. निर्यातबंदीनंतर लासलगावच्या कांदा बाजारात भाव कसा पडला ते मी ट्रॅक्टरवर बसून पाहिले आहे. किलोमागे शहरात आपले जे पंधरा-वीस रुपये वाचले, ते आकाशातून पडले नव्हते. ही तक्रार समजा किंवा माहिती समजा. पण भाव परवडत नाही म्हणताना कोणत्या टोकाला परवडत नाही, ते पाहावे.

आता उपयोगाचे सांगतो. कांदा वर्षभर सारखा नसतो. खरिपाचा लाल कांदा टिकत नाही, तो आणून आठ-पंधरा दिवसांत संपवावा. टिकतो तो उन्हाळी कांदा, जो मार्च ते मे दरम्यान निघतो. एप्रिल-मेमध्ये भाव बहुधा पडलेला असतो, तेव्हा चौघांच्या घराने तीस-चाळीस किलोची गोणी घेतली तर दिवाळीच्या आधीपर्यंत चिंता नाही. घेताना मान बारीक आणि पूर्ण सुकलेली, पापुद्रा घट्ट आणि रंग विटकरी असा निवडावा. जाड मानेचा कांदा कितीही देखणा असला तरी आधी सडतो. घरी आणल्यावर गोणीत ठेवू नये. आम्ही कांदाचाळीत ठेवतो ते खालून-वरून वारा खेळावा म्हणून. आपल्याकडे गॅलरीत प्लॅस्टिकची जाळीची करंडी विटांवर ठेवली तरी तेच काम होते. दर आठवड्याला हात फिरवून मऊ झालेले बाहेर काढावेत. बटाटे शेजारी ठेवू नयेत. वजन घटते, काही कांदे कोंब धरतात, तेवढी घट धरूनही सप्टेंबर-ऑक्टोबरच्या भावापेक्षा हा सौदा पुष्कळदा बरा पडतो. आणि गोणी थेट शेतकऱ्याकडून घ्याल तर दोन्ही टोकांना बरा पडतो.

फोंड्याहून

आमच्या गोव्यात भाजी बेळगावहून येते, त्यामुळे घाटात दरड कोसळली की भेंडी महाग होते. फलोत्पादन महामंडळाच्या गाळ्यांवर सवलतीच्या दराने भाजी मिळते म्हणून बरे. सकाळी नऊच्या आत गेल्यास चांगली मिळते, नंतर उरलीसुरली. पण आमचे खरे दुखणे नारळ आहे. पुण्यातल्या घराला दोन आठवड्यांत एक नारळ लागत असेल, आम्हाला दिवसाला अर्धा लागतो. यंदा नारळ ज्या भावाला गेला त्या भावात दर दिवशी हुमण, म्हणजे नारळाच्या रसातली माशांची आमटी, करणे ही चैनच झाली. सासूबाई म्हणतात की नारळाशिवाय कढीला कढी म्हणू नये. मी आता अर्ध्याऐवजी पाव नारळ घेऊन त्यात चमचाभर भिजवलेले तांदूळ वाटते. रस दाट होतो आणि मी सांगेपर्यंत कोणाच्या ध्यानात आले नाही. सांगितल्यावर मात्र सगळ्यांना चव बदललेली वाटू लागली.

न्यू जर्सीहून

इथल्या अनुभवातली एकच गोष्ट सांगतो. २० जुलै २०२३ रोजी भारताने बासमतीखेरीज पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली आणि दोन दिवसांत इथल्या भारतीय दुकानांत तांदळाच्या पिशव्यांसाठी रांगा लागल्या. मीही घाबरून सोना मसुरीच्या वीस-वीस पौंडांच्या पाच पिशव्या दीडपट भावाने आणल्या. आमच्या घरी दोनच माणसे. पुढच्या उन्हाळ्यात त्यांतल्या दोन पिशव्यांत पोरकिडे झाले आणि तेवढ्यात दुकानातला भावही निवळला होता. साठवणीचा सल्ला देणाऱ्यांनी किती साठवावे तेही सांगावे, ही विनंती.

जुनी गृहिणी, सातारा

न्यू जर्सीच्या भावाची विनंती योग्य आहे. साठवण आणि घबराटीची खरेदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साठवण ही पीक घरात येते तेव्हा, भाव उतरलेला असताना करायची असते; भाव चढल्यावर जे भरतो ती फक्त घाई.

माझे वय ६८. आमच्याकडे अजून एप्रिल-मेमध्ये वर्षाचे धान्य भरतात, परंतु मुलगा पिंपरीत दोन खोल्यांत राहतो आणि तिथे कोठी ठेवायला जागा नाही. म्हणून त्याला मी सगळे भरू नकोस, तीनच गोष्टी भर, असे सांगितले आहे: सहा महिन्यांचे गहू, सहा महिन्यांची तूरडाळ आणि वर्षाचे तिखट. तांदूळ महिन्याचा महिन्याला आणावा. रवा, बेसन, मैदा हे तर कधीच साठवू नये. तयार पिठाला कीड आधी लागते आणि वासही येतो. डाळ घ्यायची ती नवी तूर बाजारात आल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये. गव्हाला दोन कडक उन्हे द्यावीत, पूर्ण गार होऊ द्यावा आणि मगच डब्यात भरावा. गरम धान्य भरले की झाकणाला आतून पाणी सुटते आणि सगळ्या कष्टांवर तेच पाणी फिरते. तळाशी आणि मध्ये सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला घालावा. डाळीला एरंडेल चोळावे.

आता धागाकर्तीच्या दुसऱ्या प्रश्नाविषयी. आमच्या काळी ‘कोणी करायचे’ असा प्रश्नच नव्हता आणि तो नव्हता हे काही भूषण नव्हे. मी नोकरी करत नव्हते तरी दिवाळीनंतर आठवडाभर पाठ धरलेली असे. सुनेला मी एवढेच सांगितले आहे की रविवारी दोघांनी मिळून दोन तास द्यावेत. मुलगा कणीक भिजवतो, वाटणे करून ठेवतो आणि भाज्या निवडतो. आठवड्यातले तीन दिवस त्यावर निघतात. चौथ्या दिवशी त्यांना बाहेरचे मागवायचे असेल तर मी तोंड उघडत नाही. पहिल्या रविवारी त्याने मिरच्या चिरलेल्या हाताने डोळा चोळला होता, एवढे गालबोट लागले.

धागाकर्ती, पुणे

काकू, आपला प्रतिसाद मी मुलाला वाचायला दिला आहे. तो बारावीत आहे आणि त्याला कुकर लावता येत नाही, ही चूक माझी. या रविवारपासून सुरुवात करतो आहोत. डोंबिवलीकरांप्रमाणे आमच्या इमारतीतही दोन घरे डब्याला तयार झाली आहेत, परंतु एकीला शेंगदाणा तेल हवे आणि दुसरीला सूर्यफूल, तेव्हा तह व्हायचा आहे. बाहेरचे खाणे महिन्याला चार खेपांवर आणायचे आणि त्या चार खेपा मोबाइलवरून न मागवता पायी जाऊन खायच्या, असे ठरवले आहे. गेल्या महिन्याच्या एका बिलात २८० रुपयांच्या जेवणावर शुल्के आणि कर मिळून ७४ रुपये निघाले. तेवढ्यात साडेतीन वडापाव येतात.

डाळीला एरंडेल किती चोळायचे? आणि शिजवताना त्याचा वास येत नाही का?

जुनी गृहिणी, सातारा

किलोला चहाचा एक लहान चमचा पुरे. एकदम ओतू नये, तळहाताला लावून चार-चार मुठींनी चोळावे, म्हणजे ते प्रत्येक दाण्याला लागते. मग परातीत पसरून एक दिवस वाऱ्यावर ठेवावी आणि कोरड्या डब्यात भरावी. शिजवण्यापूर्वी कोमट पाण्याने दोनदा चोळून धुतली की वास राहत नाही. डब्यात हात घालताना हात ओला नसावा, हे मुलालाही सांगून ठेव. आमच्याकडे डाळ खराब झाली ती नेहमी त्यामुळेच.